शक्यतो

पाचव्या बैठकीत सगळं एका शब्दावर येऊन अडलं.
धंतोलीतलं हॉस्पिटल, तिसरा मजला,
एसी एवढा की सुमनताई टेंभुर्णे
पदर कानावरून घेऊन बसलेल्या.
बाहेर सेहेचाळीस.
खाली स्टँडवर गाडीच्या सीटला हात लावला तर चटका.

समोर त्यांचा मसुदा. कलम सात :
‘एका परिचारिकेकडे शक्यतो सहा रुग्ण असतील.’
खानझोडे साहेब म्हणाले, सहा हा तुमचाच आकडा.
दिला ना आम्ही?
लिसी कोट्टयमची, पण तीस वर्षांत
तिची मराठी पार इतवारीची झालेली.
तिनं शब्दाखाली नख ठेवलं :
‘हा काऊन बसवला इथं?’

वकील म्हणाले, भाषेचा भाग आहे,
सगळ्या करारांत असतो.

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब,
पोटॅशियम शक्यतो सावकाश सोडा,
असं लिहिलंय तुम्ही कधी केसपेपरवर?
डॉ. उमरेडकरांनी चष्मा काढून पुसला.
तो स्वच्छच होता.

जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही.
फेब्रुवारीतली रात्र. दोन नंबरचा वॉर्ड,
चौदा पेशंट, मी, आणि एक शिकाऊ पोर
जिला अजून शीर सापडत नव्हती.
तीन नंबरच्या बाईच्या घशातलं मी सक्शननं काढत होते,
नऊ नंबरचे आजोबा बेल वाजवत होते.
वाजवत होते.
मग बेल थांबली
आणि आधी मला हायसं वाटलं.

आधी.

एवढं कुठल्या कलमात बसवणार?
मागण्यांच्या यादीत आम्ही लिहिलं होतं
‘पुरेसे मनुष्यबळ’.

चहा आला. कागदी कपात, दोन घोट.
खानझोडे म्हणाले, बरं, शब्द काढतो,
पण मग रात्रपाळीच्या भत्त्यातली ऐंशी रुपये वाढ
तुम्ही या वर्षी सोडा.
आम्ही म्हटलं, दहा मिनिटं द्या.

जिन्यापाशी, वॉटर कूलरजवळ, चौघी.
सुमनताई नोव्हेंबरात रिटायर होणार,
त्या म्हणाल्या, सोडून द्या, शब्द घ्या.
लिसी म्हणाली, आज शब्द नाही घेतला
तं पुढच्या साली वाक्यच जाईल.
मी वंदना खोब्रागडेकडे पाहिलं.
महिन्याच्या सोळा-सोळा रात्री करते ती,
पोरगी फार्मसीला, नवऱ्याचं दुकान बंद.
ती बोलली नाही.
बाटली भरली. झाकण लावलं,
काढलं, परत लावलं.
मग म्हणाली, ‘चला नं. एसीत बसू तेवढंच.’

वकिलांनी पट्टी ठेवून रेघ मारली.
नियम असा की खोडलं तर सगळ्यांनी सही करायची.
एका शब्दाच्या आजूबाजूला सात सह्या,
समासात जागा पुरेना,
वंदनाची शेवटची, खाली उतरत गेलेली,
ऐंशीचा हिशेब मनात चालू असताना
माणूस जशी करतो तशी.
सोळा गुणिले ऐंशी. मीही केला.
बाराशे ऐंशी.

खानझोडे साहेबांनी हात जोडले,
म्हणाले, शेवटी आपण एक कुटुंब आहोत.
सुमनताई पदर सोडून उभ्या राहिल्या :
‘कुटुंबात साहेब, रात्री दोन वाजता
कोणीतरी दुसरंही उठतं.’

मला तीनची ड्यूटी. गणवेश बदलला,
वॉर्डात गेले. करार एक जुलैपासून.
आज बावीस मे.

रात्री नऊला चार्ज घ्यायला वंदनाच आली,
तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडत.
केसांत धूळ, अंगाला पेट्रोलचा वास.
‘किती?’
‘बारा. एक अजून खालून येतोय.’
तिनं किल्ल्या मोजून घेतल्या,
मॉर्फिनच्या कपाटाची दोनदा ओढून पाहिली.
नऊ नंबरला आता दुसरंच कोणी आहे,
सावनेरचा मुलगा, पाय प्लास्टरमध्ये.
त्यानं बेल दाबली.
मी वळले.
‘जा तू,’ वंदना म्हणाली, ‘माझा आहे तो.’